इमारत उभी राहण्याआधीचा खड्डा

रिकाम्या प्लॉटभोवती पत्रे ठोकलेत. जुनी इमारत पाडून झाली, राडारोडाही उचलून नेला. आत जेसीबी चालू आहे, पण त्याच्या बकेटला दात नाहीत, सपाट धारेची रुंद बकेट आहे. ऑपरेटर ती जमिनीत खुपसत नाही. वरून खरवडत स्वतःकडे ओढतो, एका वेळी पाच-दहा सेंटिमीटर. चराच्या तोंडाशी हेल्मेट घातलेली एक बाई मातीवर नजर लावून उभी आहे. तिनं हात वर केला की मशीन थांबतं. ती खाली बसते, थापीनं तळहाताएवढी जागा साफ करते, मातीचा रंग बघते, उठते आणि पुन्हा हात हलवते. सकाळपासून जेमतेम अर्धा मीटर खोली झालीय.

एरवी एवढ्या वेळात याच जेसीबीनं अर्ध्या प्लॉटचा पाया खणून टाकला असता. मग हा सावकाशीचा प्रकार कशासाठी?

याला चाचणी उत्खनन म्हणतात. जुन्या शहरात पुनर्विकास करायचा, जमिनीखाली एक-दोन मजल्यांचं तळघर काढायचं, तर त्याआधी खाली काय आहे याचा अंदाज घेणारी ही मोजकी खोदाई. वस्तू शोधायला हे सगळं चालतं असं बघणाऱ्याला वाटतं. वस्तू सापडल्या तर सापडल्या, पण विचारायचे प्रश्न वेगळेच असतात. जुन्या वस्तीचे थर इथे उरलेत का? उरले असतील तर किती खोलीवर सुरू होतात, कुठे संपतात? सलग आहेत की मध्येच कापले गेलेत? ओले आहेत की कोरडे? आणि नवा पाया त्यातल्या नेमक्या कशावर येणार? शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तसाच हा उद्योग. अडचण एवढीच, की भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. शहराखालची जमीन तशी नसते.

ती तशी का नसते हे आधी बघू, कारण पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

वस्ती एकाच जागी शतकानुशतकं राहिली की तिथली जमीन वर चढते. हे कुणी ठरवून करत नाही. मातीच्या भिंतींचं घर पडलं, तर ती माती उचलून कुठे नेणार? तिथेच पसरायची, धोपटायची, वर नवं घर बांधायचं. त्यात चुलीची राख, शेण, फुटकी मडकी, हाडं, पुराचा गाळ, चिखल झाला म्हणून रस्त्यावर टाकलेली खडी. वर्षाला मिलिमीटरभर वाढ धरली तरी हजार वर्षांत मीटर होतो. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे. कसायची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढर. राखेनं, चुन्यानं, मोडलेल्या भिंतींच्या मातीनं पांढुरकी झालेली. जुनं शहर म्हणजे एकावर एक चढलेली पांढर. लंडनमध्ये वॉलब्रुक नावाच्या बुजलेल्या ओढ्याच्या काठी रोमन काळातली जमीन आजच्या रस्त्याच्या सुमारे 7 मीटर खाली आहे. दोन मजली घर सहज बुडेल एवढं खाली.

पण शहर जमीन नुसती चढवत नाही, पोखरतही राहतं. विहिरी, शौचकूप, पाये, गटारं, तळघरं, पाण्याच्या टाक्या, केबलचे चर. प्रत्येक नवं काम जुन्या थरांत भोक पाडून जातं. म्हणून शेताखाली पुरलेलं गाव आणि शहराखाली पुरलेलं शहर यांत मोठा फरक पडतो. शेताखाली जे आहे ते बहुधा सलग असतं. शहराखाली बेटं उरलेली असतात: इथे चार मीटर जाडीचे थर, आणि दोन पावलांवर जुन्या तळघरानं मूळ मातीपर्यंत सगळं साफ केलेलं.

बेटं कुठे असतील याचा तर्क खणण्याआधी टेबलावर बसून करतात. जुने नकाशे एकावर एक ठेवून बघायचे, मालमत्तेच्या नोंदी, आधीच्या इमारतीचे नकाशे, शेजारच्या प्लॉटवरचे उत्खननाचे अहवाल, इंजिनीअरनी माती तपासायला घेतलेल्या बोअरच्या नोंदी, सगळं वाचायचं. आग लागली तर विमा कंपनीला किती फटका बसेल हे काढण्यासाठी 19 व्या शतकात बऱ्याच शहरांचे बारीक नकाशे बनवले गेले. कुठली भिंत विटेची, कुठली लाकडाची, कुठे तळघर, हे त्यात दाखवलेलं असतं. विमावाल्यांनी काढलेले नकाशे शे-दीडशे वर्षांनी पुरातत्त्वाच्या कामी यावेत, ही मला नेहमीच गंमत वाटत आलीय.

हा टेबलावरचा तर्क किती दगा देऊ शकतो, याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. मॅनहॅटनमध्ये 34 मजली सरकारी इमारत बांधायची होती. 18 व्या शतकातल्या नकाशावर त्या भागात गुलाम आणि मुक्त आफ्रिकन लोकांची दफनभूमी स्पष्ट दाखवलेली होती. म्हणजे माहिती हातात होती. तरीही निष्कर्ष असा काढला गेला, की मधल्या काळात तिथे इमारती झाल्या, तळघरं झाली, त्यामुळे थडगी बहुतेक नष्ट झाली असणार. 1991 मध्ये खोदाई सुरू झाली आणि सांगाडे निघत राहिले. झालं होतं असं, की ती जागा मुळात सखल होती आणि शहर वाढताना तिच्यावर प्रचंड भराव पडला होता. नंतरची तळघरं भरावातच थांबली. थडगी रस्त्यापासून 16 ते 28 फूट खाली, भरावाच्या गोधडीखाली शाबूत होती. 419 जणांचे अवशेष काढले गेले. लोकांच्या तीव्र विरोधानंतर 1992 मध्ये खोदाई थांबली, आराखडा बदलावा लागला, 2003 मध्ये त्या सगळ्यांचं पुन्हा दफन झालं आणि 2006 मध्ये जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तळघराची खोली माहीत होती, पण मूळ जमीन किती खाली होती याचा हिशेब कुणी नीट मांडला नव्हता. तळघर होतं म्हणजे खाली काही नाही, हे वाक्य म्हणूनच तपासल्याशिवाय लिहू नये.

एवढं खणण्याऐवजी वरूनच यंत्रानं बघता येत नाही का, असा प्रश्न हमखास येतो. मोकळ्या शेतात येतं, आणि छान येतं. जमिनीतले चुंबकीय फरक टिपणारं यंत्र फिरवलं की बुजलेले खड्डे, भट्ट्या नकाशावर उमटतात. शहरात त्याच यंत्राला लोखंडी सळ्या, पाइप, केबल आणि शेजारच्या इमारतीचा सांगाडा यांशिवाय काही ऐकू येत नाही. जमिनीत लहरी सोडून परावर्तन टिपणारं रडार काँक्रीटखालचं थोडंफार दाखवतं, पण चिकणमाती ओली असली की त्या लहरी वरच्या वर विरून जातात. रडारचा उपयोग होतो तो मुख्यतः जिवंत केबलवर जेसीबी मारला जाऊ नये म्हणून. शेवटी खणावंच लागतं.

मग किती खणायचं? इंग्लंडमध्ये चाचणीसाठी साधारणपणे जागेच्या 2 ते 5 टक्के क्षेत्र उघडलं जातं. हा आकडा ऐकायला ठीक वाटतो, पण त्याचा अर्थ काय होतो ते करून बघू. समजा प्लॉट 40 मीटर बाय 50 मीटर, म्हणजे 2000 चौरस मीटर. त्यात 12 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद असे चार चर घेतले. झाले 96 चौरस मीटर, म्हणजे पाच टक्क्यांच्या जवळ. आता या प्लॉटखाली कुठेतरी एक मीटर व्यासाची एकच जुनी विहीर आहे. ती चारांपैकी एखाद्या चरात निदान कडेला तरी दिसण्याची शक्यता किती? विहिरीचा मध्य चराच्या अर्धा मीटर जवळ आला पाहिजे. म्हणजे प्रत्येक चराभोवती 13 बाय 3 मीटरचा पट्टा, 39 चौरस मीटर. चार चरांचे 156. दोन हजारांत 156, म्हणजे जेमतेम 8 टक्के. विहीर हुकण्याची शक्यता 92 टक्के! याउलट 30 मीटर लांबीची तटाची भिंत असेल तर चर थोडं डोकं लावून आडवे-तिरके टाकले की ती सुटणं कठीण. चाचणी उत्खननात लांबट आणि पसरट गोष्टी सापडतात: भिंती, रस्ते, खंदक, जळाल्याचे थर, जाड भराव. एकांडी थडगी, विहिरी, पुरून ठेवलेली मडकी निसटतात. अहवालात ‘महत्त्वाचं काही आढळलं नाही’ असं वाचलं की मी आधी चरांचा नकाशा उघडतो.

खोलीचं प्रकरण आणखी अवघड. उभ्या भिंतींचा चर माणसावर कोसळू शकतो, आणि घनमीटरभर मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं. म्हणून ब्रिटनमध्ये साधारण 1.2 मीटरच्या खाली उतरायचं तर पायऱ्या काढतात किंवा आधार ठोकतात. वरच्याच 12 बाय 2 मीटरच्या चराचा तळ 4 मीटरवर न्यायचा आहे, आणि दर 1.2 मीटरला चारी बाजूंनी एक मीटरची पायरी ठेवायची आहे असं धरू. तीन पायऱ्या लागतात. म्हणजे वरून चर 18 बाय 8 मीटरचा उघडावा लागतो. सरळ खणला असता तर 96 घनमीटर माती निघाली असती. पायऱ्यांचा खणला तर सुमारे 365. ती माती त्याच प्लॉटवर ठेवायची, कारण परत भरायची असते, आणि मोकळी झालेली माती फुगते. एवढं करून तळाशी बघायला मिळते ती तेवढीच 24 चौरस मीटर जागा. दाटीवाटीच्या प्लॉटवर मग लोखंडी चौकटीचा आधार देऊन दोन-तीन मीटरचे चौकोनी खड्डे घेतात. ते खोल जातात, पण विहिरीतून आकाश बघावं तसं त्यांतून दिसतं.

आता चरात उतरू. मशीननं वरचं काँक्रीट आणि अलीकडचा भराव काढला, पुढचं काम हाताचं. चराची एक भिंत थापीनं ओळंब्यात तासून घ्यायची, वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. कोरडी असताना जी माती सरसकट करडी दिसत होती, तिच्यात रंग उठतात. पिवळसर, काळपट, विटकरी, राखाडी, पट्ट्यावर पट्टा. सगळ्यात खालचा सगळ्यात जुना हे तत्त्व शाळेतलं पोरही सांगेल. कसब पुढे आहे.

लंडनच्या जुन्या भागातल्या चरात काय काय दिसू शकतं ते बघा. वर 1940-41 च्या बाँबहल्ल्यातला विटांचा चुरा आणि वितळलेली काच. त्याखाली कुठे कुठे 1666 च्या आगीची काळी रेघ. आणखी खाली काळ्या मातीचा एक जाड, एकसुरी थर, ज्यात भिंतीही नाहीत आणि रेघाही नाहीत. रोमन काळाच्या उत्तरार्धातला आणि त्यानंतरच्या शतकांतला हा थर बघून पूर्वीचे अभ्यासक म्हणायचे, शहर ओस पडलं, शेती झाली. मग कुणीतरी त्या मातीचे अखंड तुकडे राळेत मुरवून, कागदाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली घातले. त्यात राख, हाडांचा चुरा, कुजलेल्या लाकूड-मातीच्या घरांचे कण दिसले. म्हणजे लोक राहत होते. गांडुळांनी आणि मुळांनी त्यांच्या वस्तीचे थर घुसळून एक करून टाकले होते. आणि अगदी तळाकडे विटेसारखा लालभडक पट्टा. कुडाच्या भिंतींवरचा मातीचा गिलावा आगीत भाजून निघालेला. इसवी सन 60-61 मध्ये रोमन सत्तेविरुद्धच्या बूडिका राणीच्या बंडात लंडन जाळलं गेलं, त्या आगीचा हा थर. शहरात अनेक ठिकाणी तो सापडतो. चरात हा लाल पट्टा दिसला की खालचं सगळं त्या वर्षाच्या आधीचं आणि वरचं नंतरचं, हे एका झटक्यात कळतं. अशी तारीखवार रेघ क्वचितच कुठल्या शहराच्या वाट्याला येते.

बाकी वेळी पुरातत्त्वज्ञ एक विचित्र वाटणारी गोष्ट करतो: नसलेल्या मातीला नंबर देतो. कुणीतरी खड्डा खणला ही एक घटना आणि तो नंतर भरला गेला ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये वीस वर्षं गेली असतील. म्हणून खड्ड्याच्या आकाराला, म्हणजे पोकळीला, एक नंबर. आतल्या भरावाला दुसरा. भिंतीला एक, भिंतीसाठी खणलेल्या पायाला वेगळा. कधी कधी भिंतच नसते. तिचे दगड नंतर कुणी तरी उपसून नेलेले असतात आणि त्यांच्या जागी भरलेला चरच काय तो उरतो. सरळ रेषेत, काटकोनात वळणारा. चोरून नेलेल्या भिंतीचं हे भूत ओळखता आलं की घराचा नकाशा हाती लागतो.

दर नंबरचं एक नोंदपत्रक भरायचं: मातीचा रंग, ती वाळूची की चिकण, बोटांत दाबली तर वळते की भुगा होतो, कशाच्या वर आहे, कशाच्या खाली, कशाला कापते. मोजमापं, चित्र, फोटो. दोनशे नंबर झाले की त्यांचा गुंता होतो. एडवर्ड हॅरिस यांनी 1973 मध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या उत्खननाच्या नोंदी लावताना यावर एक साधी आकृती काढली: प्रत्येक नंबर चौकटीत, नवा वर, जुना खाली, मध्ये रेघा. वंशावळ मांडतो तशी. आज जगभरच्या शहरी उत्खननांत हीच आकृती वापरतात, आणि तिच्यात रेघांचं चक्र झालं (अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर आणि क पुन्हा अ च्या वर) तर कुणीतरी चरात चूक केलीय हे समजून मुकाट्यानं परत खाली उतरतात.

मग एका खड्ड्याचं वय काढू. दीड मीटर रुंदीचा गोल खड्डा आहे, मऊ, हिरवट माती, वास गेलेला पण स्वभाव ओळखू येतो: शौचकूप. अर्धा भाग उपसायचा, अर्धा तसाच ठेवायचा, म्हणजे मधली उभी कड बघायला मिळते. समजा त्यातून चौदाव्या शतकातल्या घाटाची शंभर खापरं निघाली, एक रोमन नाणं निघालं आणि तंबाखू ओढायच्या पांढऱ्या मातीच्या पाइपचं एक बोटभर तोंड, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, निघालं. खड्डा कधी भरला? बहुमत खापरांचं आहे, रुबाब नाण्याचा आहे, पण निकाल पाइप देतो. युरोपात तंबाखू पोचण्याआधी पाइप खड्ड्यात पडूच शकत नाही. शिवाय या पाइपांचं तोंड सुरुवातीला अगदी लहान असे, तंबाखू महाग होती. ती स्वस्त होत गेली तसं ते मोठं होत गेलं. बोटाचं टोकच जेमतेम मावेल एवढं तोंड असेल तर 17 व्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचं. जुनी खापरं आणि नाणं हे खड्डा खणताना खालच्या थरातून वर आलेलं. पण हेही खरं, की पाइप उंदराच्या बिळातून घसरून खाली आलेला असू शकतो. म्हणून तो नेमका कुठे सापडला, कडेला की मधोमध, हे त्याच वेळी लिहिलेलं असावं लागतं. पिशवीत गेल्यावर पाइप काही सांगत नाही.

अर्धाच उपसायचा, हे मघाशी सहज लिहून गेलो. तो नियम आळसातून आलेला नाही. उत्खनन म्हणजे एक-एक पान वाचत फाडत जाणं. खणलेला थर पुन्हा कुणालाही खणता येत नाही. चाचणीच्या चरात हात आवरता घ्यावा लागतो. प्रश्नाचं उत्तर मिळालं की थांबायचं. मोठी भिंत दिसली तरी ती पूर्ण उघडायचा मोह टाळायचा, कारण उद्या इथे सविस्तर उत्खनन व्हायचं तर भिंतीचा आजूबाजूच्या थरांशी संबंध शाबूत राहायला हवा. नव्या मुलांना हे पचायला जड जातं असं ऐकलंय, आणि त्यात नवल नाही.

चाचणीत आणखी एक गोष्ट बघतात जी फोटोत कधी येत नाही: पाणी. भूजलाच्या पातळीखालच्या मातीत प्राणवायू पोचत नाही, जिवाणू मंदावतात, आणि लाकूड, चामडं, कापड, बिया टिकून राहतात. वॉलब्रुकच्याच काठी ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीआधी 2010 ते 2014 मध्ये झालेल्या उत्खननात 405 रोमन लाकडी लेखनपाट्या निघाल्या. पाटीवर काळं मेण असायचं, त्यात टोकदार काडीनं लिहायचे. मेण कधीच गेलं, पण जोर लावून लिहिणाऱ्यांच्या काडीचे ओरखडे खालच्या लाकडावर उरले. त्यांतल्या एका पाटीवर इसवी सन 57 मधल्या 8 जानेवारीची तारीख आहे. टिबुलस नावाचा मुक्त झालेला गुलाम लिहून देतोय की आलेल्या मालापोटी आपण ग्रेटसला 105 दिनारी (रोमन चांदीची नाणी) देणं लागतो. उधारीची चिठ्ठी, बाकी काही नाही. यॉर्कमध्ये कॉपरगेटला बाजार-संकुलाआधी 1976 ते 1981 मध्ये खणलं तेव्हा व्हायकिंगांची लाकडी घरं, चामड्याचे बूट, लोकरी मोजा असं काय काय निघालं, तेही ओलीमुळेच.

आणि इथेच घोळ आहे. नव्या तळघरासाठी पंप लावून भूजल उतरवलं की तोच ओला थर श्वास घेऊ लागतो. खाली काही हात न लावताही, आजूबाजूच्या प्लॉटखालचं लाकूड सुद्धा काही वर्षांत कुजायला लागू शकतं. चाचणीचा अहवाल लिहिणाऱ्यानं पाण्याची पातळी नोंदवली नसेल, तर मला तो अहवाल अर्धाच वाटतो, कितीही सुबक चित्रं असली तरी.

अहवाल हातात आला की पुढे काय? काहीच उरलेलं नाही हे पटण्याजोगं दिसलं, तर बांधकामाला वाट मोकळी. फार तर पाया खणताना एक माणूस नजर ठेवायला उभा राहतो. थोडंफार उरलंय आणि ते वाचवता येत नाही असं ठरलं, तर बांधकामाआधी तेवढा भाग पूर्ण खणून, नोंदवून घ्यायचा. तिसरा मार्ग म्हणजे खाली हातच लावायचा नाही आणि इमारतीनं अंग चोरायचं: तळघर रद्द करा, पाइल (पायासाठी जमिनीत खोल उतरवलेले खांब) मोजक्या घ्या, त्या जुन्या खड्ड्यांच्या जागी न्या. यॉर्कसाठी 1991 मध्ये झालेल्या एका अभ्यासानं पायानं थरांचा 5 टक्क्यांहून जास्त भाग नष्ट करू नये असं सुचवलं. आकडा लोकप्रिय झाला, आणि मग टीकाही झाली, कारण पाइल ठोकताना आजूबाजूची मातीही ओढली, दाबली जाते, पाण्याला नवी वाट मिळते. नकाशावरचं 5 टक्के जमिनीत 5 टक्केच राहील याची खात्री कोण देणार? पण निदान इंजिनीअर आणि पुरातत्त्वज्ञ एका टेबलावर बसू लागले, हे काही कमी नाही.

ते आधी बसत नव्हते. डब्लिनमध्ये वुड क्वे इथे महापालिकेच्या कार्यालयांसाठी निवडलेल्या जागेखाली व्हायकिंग डब्लिन निघालं. 1978 मध्ये सुमारे 20,000 लोक रस्त्यावर उतरले, कोर्टकज्जे झाले, आणि तरी शेवटी कार्यालयं तिथेच झाली. लंडनमध्ये 1989 मध्ये एका ऑफिस इमारतीच्या जागी 1587 सालच्या रोझ नाट्यगृहाचा पाया निघाला. बांधकाम मंजूर झालेलं, पैसे अडकलेले, नट आणि प्रेक्षक कुंपणाबाहेर ठाण मांडून. अखेर आराखडा बदलला, अवशेष वाळूखाली ओले ठेवून वर इमारत झाली. सगळ्यांनाच ते महागात पडलं. पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, इंग्लंडमध्ये नियोजनासाठी नव्या मार्गदर्शक सूचना आल्या: जिथे अवशेष असण्याचा संभव आहे तिथे परवानगीचा निर्णय होण्याआधी चाचणी मागता येईल, आणि पुढच्या कामाचा भार बांधणाऱ्यानं उचलावा. 1992 च्या व्हॅलेटा करारानं युरोपातल्या देशांसाठी तेच सूत्र धरलं.

बांधणारा पैसे देतो म्हणजे पुरातत्त्वज्ञ त्याचाच नोकर झाला, ही शंका रास्त आहे. सगळ्यात कमी दराचं टेंडर भरणाऱ्याला काम मिळतं, तेव्हा चर कमी आणि उथळ होण्याचा मोह असतो. म्हणून चर कुठे आणि किती हे ठरवणारा, आणि माती उघडी असताना येऊन बघणारा, नियोजन खात्याचा स्वतःचा पुरातत्त्वज्ञ लागतो. जिथे तो नाही तिथे चाचणी हा परवानगीच्या फायलीतला आणखी एक कागद होऊन बसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. इस्तंबूलमध्ये येनीकापी इथे रेल्वे स्थानकासाठी 2004 पासून खणताना बायझंटाइन बंदर निघालं, एकूण 37 जहाजं, आणि त्याच्याही खाली सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या पावलांचे ठसे. रेल्वे कित्येक वर्षं रखडली, 2013 मध्ये धावली. एवढ्या मोठ्या गोष्टीचा आवाका चार चरांनी कळला असता असं मी म्हणणार नाही. पण कधी कधी नशीबही साथ देतं. लेस्टर शहरातल्या पार्किंगच्या जागेत 2012 च्या ऑगस्टमध्ये जुन्या मठाचा शोध घ्यायला चाचणीचे चर टाकले. पहिल्याच चरात, पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली. पुढे ती इंग्लंडचा राजा तिसऱ्या रिचर्डची निघाली. मघाचा 8 टक्क्यांचा हिशेब आठवा, आणि त्यावर विसंबून कुणी पैज लावू नका.

काम संपलं की चर बुजवतात. उघड्या अवशेषांवर आधी पाणी झिरपू देणारं जाड कापड अंथरतात, म्हणजे पुढे कुणी खणलं तर आपण कुठपर्यंत आलो होतो ते कळेल. 19 व्या शतकात पिट-रिव्हर्स नावाचे पुरातत्त्वज्ञ आपल्या उत्खननांच्या तळाशी यासाठी स्वतःचं पदकच टाकून ठेवत. कापडावर तीच काढलेली माती, जेसीबीच्या दात नसलेल्या बकेटनं दाबत दाबत. मघाची बाई नोंदवहीत शेवटचे दोन नंबर लिहिते. एक आपल्या चराला, सगळ्या थरांना कापणारी सगळ्यात नवी पोकळी म्हणून. दुसरा त्यात आत्ता भरलेल्या मातीला.